दराविना दिलासा

डॉक्टरांनी सकाळी दहाला घरी जायला सांगितले, सलाइनची सुई निघाली, पिशव्या भरून झाल्या. तरी संध्याकाळी पाचला रुग्ण त्याच खाटेवर. विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवरचे उत्तर ठरलेले: ‘फायनल अप्रूव्हल आले नाही.’ आरोग्य विमा असलेल्या कोणत्याही घराला हे नवे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४च्या परिपत्रकात त्यावर तोडगा काढला. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी आणि त्याहून उशीर झाल्यास रुग्णालय लावेल ते जादा शुल्क कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून भरायचे. नियम चांगलाच आहे. पण पैसे किती वेळात द्यायचे एवढेच तो सांगतो. किती द्यायचे यावर तो गप्प आहे आणि खरे भांडण तिथेच आहे.

उपचारांचा दर ठरतो विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातल्या खासगी करारात. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया होते त्याला तो करार दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त कात्री. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार असेल आणि त्याने दहा हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये फरक केवळ भाड्याचा पडत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, सारे त्याच प्रमाणात निम्म्यावर येते. सर्जन तोच, टेबल तेच. पण रुग्णालयाचे दरपत्रकच खोलीच्या वर्गाला बांधलेले असते, म्हणून कंपनीही कपात तशीच करते. दोघांचा हिशेब जुळतो, उरलेली रक्कम नातेवाईक कार्ड घासून भरतात.

दोघांचे बिनसले तर त्याहून वाईट. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी अवाच्या सवा बिलांचे कारण देत मुंबई, दिल्लीसह मोठ्या शहरांतील अनेक बड्या रुग्णालयांची कॅशलेस सोय एकदम थांबवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये चाल उलट दिशेने झाली. रुग्णालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने उत्तर भारतातील सदस्यांना एका मोठ्या खासगी कंपनीची कॅशलेस सेवा बंद करण्यास सांगितले; तक्रार ही, की कंपनी दर वाढवत नाही. काही दिवसांत समेट झाला. हप्ता भरणारा पॉलिसीधारक दोन्ही वेळा वाटाघाटीत कुठेच नव्हता.

यात पंच कोण? घटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा केंद्राच्या सूचीत आहे, रुग्णालये राज्याच्या. त्यामुळे विमा प्राधिकरण कंपनीचा कान धरू शकते, रुग्णालयाचा नाही. तो अधिकार मुंबईत मंत्रालयात आहे आणि तो वापरण्याची घाई तिथे कोणाला नाही. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या २०२१च्या सुधारित नियमांनी दरपत्रक लावण्याची सक्ती केली, पण दर काय असावा याला हात लावला नाही. करोनाकाळात मात्र सरकारने हिंमत दाखवली होती. मे २०२० मध्ये साध्या वॉर्डला दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार असे दर ठरवले. पुढे बिगरकरोना रुग्णांपुरती ही दरबंदी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केली, कारण तसा अधिकार देणारा कायदाच राज्याकडे नव्हता. धडा स्वच्छ होता. कायदा मात्र अजून आलेला नाही.

दरांना लगाम घालण्याची गरज तर सर्वोच्च न्यायालयापुढेही मांडली गेली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला सरकारी व्यवस्थेत दहा हजारांपर्यंत आणि खासगीत तीस हजार ते एक लाख चाळीस हजार खर्च येतो, हे २०२४च्या सुनावणीत पुढे आले. डोळा तोच असताना चौदा पट तफावत लेन्सच्या दर्जाने पूर्ण समजावता येत नाही. अमेरिकेसारख्या बाजारपूजक देशातही मेरिलँड राज्याने १९७१ मध्ये दर ठरवणारा स्वतंत्र आयोग नेमला. तिथे एका रुग्णालयातील एका सेवेचा दर सरकारी योजनेसाठी, खासगी विम्यासाठी आणि रोख भरणाऱ्यासाठी साधारण सारखाच धरला जातो. दर प्रत्येक रुग्णालयाच्या खर्चानुसार वेगळा असतो, पैसे कोण देतो यानुसार नाही. महाराष्ट्राच्या कायद्याचे सूत्र हेच हवे. गडहिंग्लजच्या वीस खाटांच्या दवाखान्याला आणि अंधेरीच्या पंचतारांकित इमारतीला एकच आकडा लावणे हा शुद्ध मूर्खपणा ठरेल.

डॉक्टरांच्या संघटना विरोध करतील आणि त्यांच्या शंकेत तथ्य आहे. सरकारने दर ठरवायचा म्हणजे तो परवडणार नाही एवढा कमी ठरवायचा आणि तोही वेळेवर द्यायचा नाही, हा त्यांचा अनुभव आहे. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील पॅकेजचे दर आणि थकलेली देणी यांबद्दल रुग्णालये वारंवार तक्रार करतात. म्हणून दर आयोगात लेखापाल, डॉक्टर आणि रुग्णांचे प्रतिनिधी असावेत, दर ठरावीक मुदतीत फेरतपासले जावेत आणि उशिरा पैसे देणाऱ्याला व्याजाचा दंड असावा. त्या दंडातून राज्य सरकारची स्वतःची योजना वगळता कामा नये. विमा कंपनीला तीन तास आणि सरकारला कितीही महिने, असा कायदा कोणते रुग्णालय मानील?