उलटा त्रिकोण आणि कलम ११

अंगणवाडीच्या भिंतीवरील तक्त्यात त्रिकोण नेहमी एका बाजूवर ताठ बसलेला असतो. तोच उलटा धरला की मूल म्हणते, हा त्रिकोण नव्हे. चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याला तो पतंग वाटतो. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही; त्याला एकच नमुना दाखविला गेला, हा दोष आहे. नेदरलँड्समधील व्हॅन हिले दांपत्याने १९५७ साली हेच मांडले. मूल आधी एकूण रूपावरून आकार ओळखते, बाजू आणि कोपरे नंतर पाहते. ही पायरी वयापेक्षा शिकविण्यावर अवलंबून असते.

म्हणून मुलाच्या हाती वस्तू द्यावी लागते. भाकरी आणि बांगडीत सारखे काय? काडेपेटीला कोपरे किती? चौकोनी रुमालाची तिरकी घडी घातली की कोणता आकार होतो? याला पैसा लागत नाही. प्रशिक्षित सेविका आणि तिला मोकळा वेळ लागतो.

येथेच प्रश्न हक्काचा होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाला हक्क दिला. त्याखालच्या मुलांसाठी कलम ११ म्हणते, सरकार व्यवस्था 'करू शकेल'. संविधानाचे कलम ४५ 'प्रयत्न करील' एवढेच सांगते. पैसेवाल्याचे मूल नर्सरीतून पहिलीत येते, आमचे मूल तक्ता पाहून. मग मागे पडले की त्यालाच 'ढ' म्हणतात!

'करू शकेल' च्या जागी 'करील' हा शब्द आला पाहिजे. तोवर आपल्या वस्तीतील अंगणवाडीत काय शिकविले जाते, हे प्रत्येक पालकाने जाऊन पाहावे आणि जाब विचारावा.