लाईन दुप्पट, स्टेटमेंट रखडलेलंच

शाखेतून फोन येतो, "मॅडम, नेट स्लो आहे." मुख्य कार्यालयात बैठक बसते आणि ठराव होतो, लाईन वाढवा. सहकारी बँका आणि पतसंस्थांची नेटवर्कं सांभाळताना हा ठराव मी इतक्यांदा ऐकलाय की फक्त तारीख बदलून तोच वाचत असावेत अशी मला शंका येते. गेल्या काही वर्षांत आपण सर्व्हर व्हीएमवर नेले, शाखा टनेलने जोडल्या. अशा नेटवर्कमधलं रखडणं माझ्या अनुभवात लाईन अपुरी पडल्यामुळे क्वचितच असतं. बहुतेक वेळा पॅकेटचा आकार चुकलेला असतो आणि तो चुकलाय हे सांगणारा निरोप आपणच सुरक्षेच्या नावाखाली अडवलेला असतो.

एका बँकेने जुने सर्व्हर काढून सगळं व्हीएमवर नेलं आणि शाखा आयपीसेक टनेलमधून डेटा सेंटरला जोडल्या. लगेच तक्रारी सुरू झाल्या. लॉगिन होतं, शिल्लक दिसते, पण सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं की पडद्यावर चक्र फिरत राहतं. पिंग मात्र चोख. लाईन देणाऱ्या कंपनीचा माणूस पिंग दाखवून म्हणाला, "आमच्याकडून ओके आहे." त्याचं खरंच होतं. तरी लाईन दुप्पट झाली, बिलही वाढलं. स्टेटमेंट होतं तिथेच.

इथरनेटवर एका पॅकेटमध्ये 1500 बाइट मावतात. 1980 च्या मानकातली ही मर्यादा आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे. टनेल मूळ पॅकेटभोवती आणखी एक आवरण चढवतो आणि त्या आवरणालाही जागा लागते. जीआरईला 24 बाइट, डेटा सेंटरच्या आत व्हीएम एकमेकांना जोडणाऱ्या व्हीएक्सलॅनला 50, आयपीसेकला एन्क्रिप्शनच्या पद्धतीनुसार कमीजास्त. सर्व्हरला यातलं काही ठाऊक नसतं. तो 1500 बाइटचं गच्च भरलेलं पॅकेट सोडतो, वर 'तुकडे करू नका' अशी खूण करून. टनेलच्या तोंडाशी ते अडतं. लॉगिन, शिल्लक, साधा पिंग ही सगळी लहान पॅकेटं, ती निघून जातात. स्टेटमेंट मोठं, म्हणून नेमकं तेच लटकतं.

अशा वेळी काय करायचं हे 1990 च्या नोव्हेंबरात आरएफसी 1191 मध्ये लिहून झालेलं आहे. पॅकेट मावलं नाही, तर राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप द्यायचा, 'मोठं झालं, एवढ्याच आकाराचं पाठव.' रेल्वेपुलाखालच्या कमानीत उसाची ट्रॉली अडकू नये म्हणून अलीकडेच हात दाखवणारा माणूस उभा असतो, तसाच हा निरोप. त्या बँकेच्या फायरवॉलवर आयसीएमपी बंद होतं. देखरेखीला लागतो म्हणून पिंग तेवढा उघडा, बाकी सगळं अडवलेलं. म्हणजे ट्रॉल्या अडकतच होत्या, पण मागच्यांना सांगायला कोणी नव्हतं. काही सर्व्हर बराच वेळ उत्तराची वाट पाहून आपणहून आकार कमी करतात. म्हणून काही शाखांत काम पूर्ण बंद न पडता नुसतं रखडत होतं, आणि रखडलं की लोकांना लाईनच आठवते.

निरोप का अडवला होता? ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये तसं लिहिलंय म्हणून. चेकलिस्ट कुठली, तर मागच्या वर्षीची. मागच्या वर्षीची कुठली, ते विचारू नये. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पिंग ऑफ डेथ' आणि 'स्मर्फ' हे हल्ले गाजले, तेव्हापासून 'आयसीएमपी बंद' हा शहाणपणाचा पुरावा झाला. त्या हल्ल्यांना बळी पडणाऱ्या यंत्रणा केव्हाच सुधारल्या, यादीतली ओळ राहिली. आयपीव्ही6 मध्ये तर वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही. 'मोठं झालं' हा निरोप अडवू नये, असं 2007 च्या आरएफसी 4890 मध्ये स्पष्ट म्हटलंय. ऑडिटला येणाऱ्यांपैकी तो वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आकाराचं निस्तरलं की दुसरं दुखणं दिसतं, सर्व्हरच्या पोटातलं. 10 गिगाबिटच्या कार्डावरून भरलेली पॅकेटं पूर्ण वेगाने गेली तर सेकंदाला आठ लाखांच्या आसपास होतात. एरवी डेटाचे मोठे गठ्ठे पॅकेटांत फोडायचं काम नेटवर्क कार्डच करतं. पण कार्डाला व्हीएक्सलॅन कळत नसेल, किंवा व्हीएमचा ड्रायव्हर जुना असेल, तर ते ओझं प्रोसेसरवर येतं. आयपीसेकमध्ये आणखी एक गोम आहे. शेकडो लोकांची रहदारी बाहेरून एकाच प्रवाहासारखी दिसते, म्हणून बऱ्याचदा सगळी एकाच कोरच्या वाट्याला जाते. सोळा कोरपैकी एक शंभर टक्क्यांवर, पंधरा रिकामे. सरासरीचा आलेख सहा-सात टक्के दाखवतो आणि बैठकीत सांगितलं जातं, "सर्व्हरवर लोडच नाही."

हे शोधायला महागडं उपकरण लागत नाही. तुकडे न करण्याची अट घालून सर्व्हरवरून शाखेकडे 1472 बाइटचा पिंग सोडायचा, हेडरचे 28 धरून 1500 होतात. तो गेला नाही तर आकार उतरवत जायचं, जातो तिथे टनेलचं खरं माप कळतं. मग राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, त्या मापात बसेल अशी बांधायची. डेटा सेंटरच्या आत स्विचची मर्यादा 9000 पर्यंत वाढवायची किंवा व्हीएमची 1450 वर आणायची. वेग मोजायचा तो आयपर्फने, एका व्हीएमपासून दुसऱ्या व्हीएमपर्यंत. कंत्राटदार सहसा टनेलच्या बाहेरचा वेग मोजून सही घेतो. टनेलमधून ग्राहकाचं काम किती वेगाने होतं, हे कुठल्याच निविदेत लिहिलेलं नसतं. ते लिहायला हवं, आणि तो आकडा दिसल्याशिवाय बिल पास होऊ नये.

ऑडिटर मंडळींनी 'आयसीएमपी बंद' ही ओळ यादीतून काढावी आणि तिच्या जागी कोणते निरोप उघडे ठेवायचे ते लिहावं. आयपीव्ही4 साठी टाइप 3 कोड 4, आयपीव्ही6 साठी टाइप 2. आणि संचालकांनो, लाईन वाढवायचा ठराव पुढच्या बैठकीत आला, तर टनेलच्या आतून घेतलेलं मोजमाप आधी टेबलावर मागा.