‘उघड धोका’ नेमका कोणाला उघड होता?

नोव्हेंबर १९६०. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, वयाची चार वर्षेही पूर्ण न झालेली एक मुलगी रात्री झोपेतून उठून न्हाणीघराकडे निघाली. खोलीत एका स्टुलावर वाफारा देणारे विजेचे यंत्र चालू होते. ते कलंडले आणि त्यातील पाणी तिच्या अंगावर सांडले. शरीराचा तीस टक्क्यांहून अधिक भाग खोलवर भाजला.

अशी बातमी वाचताच बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आईविषयी. ती कुठे होती? यंत्र मुलीच्या वाटेत का ठेवले? हा प्रश्न जुना आहे, उत्पादकांना अतिशय सोयीचा आहे आणि पुष्कळदा चुकीचाही आहे. हँकस्क्राफ्ट कंपनीविरुद्धचा हा खटला त्याचा उत्तम दाखला ठरतो.

वाफारा म्हटले की मराठी घरात पातेले आणि डोक्यावरून घेतलेली चादर आठवते. तेथे उकळते पाणी डोळ्यांसमोर असते. हे यंत्र वेगळे होते. काचेची मोठी बरणी, तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचे झाकण आणि झाकणाला जोडलेली, पाण्यात बुडणारी तापक नळी. वाफ त्या नळीत तयार होते, म्हणजे बरणीतील बाकीचे पाणी फारसे तापत नसावे, अशी आईची समजूत होती. प्रत्यक्षात बरणीभर पाणी उकळीच्या जवळ पोहोचत असे. आणि झाकणाला आटे नव्हते, खटका नव्हता. ते बरणीवर नुसते टेकलेले असे. यंत्र आडवे होताच झाकण सुटे आणि पाणी एकदम बाहेर येई.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेत यातले काहीच नव्हते. यंत्र सुरक्षित आहे, रात्रभर चालते, पाणी संपताच आपोआप बंद होते, हे मात्र होते. चित्रात पाळण्यात झोपलेले बाळ आणि पाळण्याला लागूनच वाफ सोडणारे यंत्र! ज्या कंपनीने यंत्राची जागा बाळाच्या उशाशी दाखवली, तिनेच पुढे न्यायालयात सांगावे की गरम पाण्याचा धोका कोणालाही कळण्याजोगा होता, हा युक्तिवाद ऐकून घेण्यासही धीर लागतो.

सुनावणीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि खटल्याचे मर्म तिच्यात आहे. या अपघातापूर्वीच अशाच रीतीने किमान दहा-बारा मुले भाजल्याचे कंपनीला ठाऊक होते. तसे दावे तिच्याकडे आलेले होते. आईच्या माहितीत एक घर होते. कंपनीच्या दप्तरात दहा-बारा घरे. झाकण घट्ट बसवण्याचा उपाय साधा आणि स्वस्त होता. मग दुर्लक्ष कोणाचे?

ज्यूरीने दीड लाख डॉलरची भरपाई ठरवली. खालच्या न्यायाधीशांनी तो निर्णय बाजूला सारला. १९६७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला: इशारा न देणे हा निष्काळजीपणा, झाकणाची रचना हाही निष्काळजीपणा, आणि ‘सुरक्षित’ हे पुस्तिकेतील आश्वासन मोडलेले. त्याच निकालात या राज्याने कठोर दायित्वाचे तत्त्वही स्वीकारले. म्हणजे वस्तू सदोष आणि धोकादायक असेल, तर उत्पादकाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

या टप्प्यापर्यंत यायला कायद्याला सव्वाशे वर्षे लागली होती. १८४२ च्या इंग्लंडमधील विंटरबॉटम खटल्यानंतर बराच काळ धारणा अशी होती की ज्याने करार केला त्यालाच दाद मागता येईल. लहान मूल कोणती वस्तू विकत घेते? १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ब्युइक मोटारीच्या खटल्यात ही भिंत पाडली. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने कठोर दायित्व मान्य केले, तेही घरगुती सुतारकामाच्या यंत्रावरून. ते यंत्र जखमी माणसाला पत्नीने भेट दिलेले होते.

फ्रिजची कथाही याच वळणाची. बाहेरून खटक्याने बंद होणाऱ्या फ्रिजमध्ये खेळता खेळता अडकून मुले गुदमरत. टाकून दिलेल्या फ्रिजचे दार काढले नाही तर मालकाला दंड, असे कायदे अमेरिकेतील अनेक राज्यांनी करून पाहिले. मृत्यू थांबले नाहीत. अखेर १९५६ च्या संघीय कायद्याने जबाबदारी कारखान्यावर टाकली: दार आतून उघडलेच पाहिजे. ते किती जोराने ढकलता येते हे पाहण्यासाठी दोन ते पाच वर्षांच्या २०१ मुलांचे निरीक्षण झाले. मोजमाप मुलाच्या हाताचे घेतले गेले, आईच्या सावधपणाचे नव्हे.

हे सारे परक्या देशाचे पुराण म्हणून सोडून देता येत नाही. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते जुलै २०२० पासून लागू झाले. त्याच्या कलम ८७ मध्ये उत्पादकाला एक सूट आहे: धोका उघड किंवा सर्वज्ञात असेल, अथवा ग्राहकाला तो कळायला हवा होता असे असेल, तर इशारा न दिल्याबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही. हँकस्क्राफ्टचा बचाव याच शब्दांच्या आधाराने उभा होता. म्हणून मूल भाजल्याच्या तक्रारीत कंपनी ‘उघड’ हा शब्द उच्चारेल, तेव्हा ग्राहक आयोगाने आईची उलटतपासणी होण्याआधी कंपनीकडून दोन कागद मागवावेत: यंत्रासोबतची माहितीपुस्तिका, आणि त्या दिवसापर्यंत आलेल्या तक्रारींची नोंद.