'आंबेडकर' आडनावाचे मालक कोण?

एप्रिल जवळ आला की दोन मेसेज न चुकता मोबाईलवर येऊन पडतात. पहिला जुना आहे. बाबासाहेबांचे खरे आडनाव सकपाळ, 'आंबेडकर' हे आडनाव त्यांना एका ब्राह्मण शिक्षकाने दिले, तेव्हा आंबेडकरवाद्यांनी हे उपकार विसरू नयेत, असा त्याचा सूर. दुसरा अलीकडचा. कुठल्यातरी संकेतस्थळावरचा तक्ता असतो. आंबेडकर आडनावाची माणसे भारतात एवढी, अमुक देशात एवढी, जगात एवढी. खाली टोमणा : मूठभर माणसांचे आडनाव आणि गाजावाजा केवढा!

आपली मुले या मेसेजना उत्तर म्हणून शिव्या देतात किंवा गप्प बसतात. दोन्ही नको. दोन्ही मेसेजना सरळ उत्तर आहे.

आधी आडनाव कुठून आले ते पाहू. बाबासाहेबांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. कोकणात माणसाला कुळाचे एक नाव असते आणि गावाचे दुसरे. गावाच्या नावाला 'कर' जोडला की झाले आडनाव. आंबडव्याचा तो आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. याच दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला.

आता शिक्षकांची गोष्ट. चरित्रकारांनी ती लिहिली आहे आणि खुद्द बाबासाहेबांनीही सांगितली आहे. आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते, त्यांचा या मुलावर जीव होता, आंबडवेकर हे नाव उच्चारायला अवघड म्हणून त्यांनी ते आंबेडकर असे केले. आपल्यातल्या काहींना ही गोष्टच पुसून टाकावीशी वाटते. मी त्या मताचा नाही. बाबासाहेबांनी ज्या माणसाची आठवण आदराने काढली त्याला आपण खोटे का ठरवायचे? एका शिक्षकाने एका मुलावर माया केली. ती माया त्या शिक्षकाची. तिची थकबाकी म्हणून सव्वाशे वर्षांनी सगळ्या जातीच्या नावाने पावती फाडायचा अधिकार कुणाला नाही.

आणि त्या शिक्षकांनी नेमके केले काय? आंबडवेकरचे आंबेडकर केले. म्हणजे उच्चार सोपा केला. आडनावाचे मूळ होते ते आंबडवे गावात, आणि ते गाव मुलाचे होते, शिक्षकांचे नव्हे. बरे, शिक्षकांचे आंबेडकर तरी आले कुठून? रत्नागिरी जिल्ह्यातच संगमेश्वर तालुक्यात आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द अशी गावे आहेत. अशा गावाचा माणूस बाहेर पडला की तो आंबेडकर, मग तो ब्राह्मण असो, कुणबी असो की महार असो. गावाचे नाव ही कुणा एका जातीची इस्टेट नसते. दीनानाथांच्या घराण्याचे आधीचे आडनाव हर्डीकर होते, मंगेशीवरून ते मंगेशकर झाले. त्यांना हे नाव कुणी दिले आणि त्यांनी कुणाचे उपकार मानायचे, असे कधी कुणी विचारले का? कटगुणचे गोऱ्हे फुलांच्या व्यवसायावरून फुले झाले. त्यांनाही कुणी पावती मागितली नाही. मागितली जाते ती फक्त आंबेडकरांना.

आडनाव म्हणजे जात, हे समीकरण मुळात किती कच्चे आहे ते आपल्या इतिहासातच दिसते. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सहकारी दादासाहेब गायकवाड. आडनाव एक, पण एकाला राजवाडा आणि दुसऱ्याला देवळाचे दार बंद. साठे चित्पावनांत आहेत, आणि मातंग समाजात जन्मलेले अण्णा भाऊही साठेच. जाधव, पवार, मोरे, शिंदे तर किती जातींत आहेत ते मोजत बसा. खुद्द सकपाळ हे आडनावही मराठ्यांत आहे आणि महारांतही.

मग ब्राह्मण शिक्षकाशी जुळणारे आडनाव मिळाल्याने त्या मुलाचे काय भले झाले? उत्तर बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. १९०१ साली भावंडे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरला वाटले, ब्राह्मणांची मुले असतील. त्याने विचारले तेव्हा मुलांनी भाबडेपणाने सांगून टाकले, आम्ही महार. त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले भाडे दुप्पट देऊ केले तरी न्यायला तयार होईनात. शेवटी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने पायी चालायचे, या अटीवर ती निघाली. रात्रभर मुलांना पाणी मिळाले नाही. साताऱ्याच्या रजिस्टरात आंबेडकर नाव येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. ते नाव मसूरला उपयोगी पडले नाही.

दुसरे रजिस्टर बडोद्याचे. कोलंबियात शिकून आलेला हा विद्वान बडोद्यात नोकरीसाठी गेला, तर राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना खोली घ्यावी लागली. परक्याचे नाव लावून अकरा दिवस काढले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि सामानासकट बाहेर पडावे लागले. आडनाव बदलले की जात लपते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा. आणि आडनावाची भेट देऊन आम्ही तुम्हाला मोठे केले, असे म्हणणाऱ्यांनी तर दोनदा वाचावा.

आता दुसरा मेसेज, आकड्यांचा. आंबेडकर आडनावाची माणसे किती? खरे सांगायचे तर हे कोणालाही ठामपणे सांगता येणार नाही. अमेरिकेचे जनगणना खाते आडनावांचे तक्ते काढते. २०१० च्या गणनेत किमान शंभर वेळा आलेली १ लाख ६२ हजारांहून अधिक आडनावे त्यांनी जाहीर केली. आपल्याकडे जनगणनेत नाव लिहून घेतात, पण आडनावनिहाय तक्ता निघत नाही आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीय असते. त्यामुळे जगभरच्या आडनावांची संख्या सांगणारे तक्ते बनतात ते मतदार याद्या, टेलिफोन डिरेक्टरी अशा हाताला लागलेल्या नमुन्यांवरून. मतदार यादीत अठरा वर्षांखालचे मूल नसते. लग्न झालेल्या मुलीचे आडनाव बहुधा बदललेले असते. वर लिहिण्याचे घोळ : आंबेडकर, अंबेडकर, उत्तरेत अम्बेडकर. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारला सरकारी नोंदींत 'भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहा म्हणून आदेश काढावा लागला, यावरून काय ते समजा. आणि समजा आकडा अचूक मिळाला, तरी त्यातले आंबडव्याचे किती, आंबेडचे किती आणि विचाराने आंबेडकर होऊन ते नाव लावणारे किती, हे कुठल्या संगणकाला कळणार?

तरीही एक गोष्ट खरी आहे. हे आडनाव दुर्मीळ आहे. पण का दुर्मीळ आहे, हे टोमणा मारणाऱ्याने कधी विचारले का? भिवा हे रामजींचे चौदावे अपत्य. चौदांतून जगले तीन मुलगे आणि दोन मुली. बाबासाहेब आणि रमाई यांना पाच मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. उरले एकटे यशवंतराव, आपले भय्यासाहेब. बाप परदेशात पुस्तकांत बुडालेला, आई शेणाच्या गोवऱ्या थापून घर चालवणारी, औषधाला पैसा नाही. एखादे आडनाव किती पसरते हे घराण्यातली किती मुले जगतात यावर ठरते. आंबेडकर आडनाव थोडे आहे, कारण त्या घरातली लेकरे गरिबीने खाल्ली. आकड्यावरून हसणाऱ्यांनी रमाईच्या चार लेकरांची नावे आधी म्हणून दाखवावीत.

आणि मोजायचेच असेल तर आडनाव कशाला मोजता? आज ज्या भागाला आपण महाराष्ट्र म्हणतो तिथे १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी आली. १९६१ च्या जनगणनेत आकडा झाला २७,८९,५०१. २०११ ला महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध होते, देशातल्या एकूण ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी जवळजवळ ७७ टक्के. यांच्यात कांबळे आहेत, गायकवाड आहेत, मेश्राम आहेत, वानखेडे आहेत. आंबेडकर आडनावाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्या माणसाचा वारसा आडनावातून चालत आलेलाच नाही. तो आडनावातून मोजू पाहणारा माणूस जातीच्याच डोळ्यांनी पाहतो आहे, कारण जात रक्ताने आणि नावाने चालते.

हा विषय आज काढायला आणखी एक कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. अनुसूचित जाती-जमातींची मोजणी दर जनगणनेत होत आली आहे, पण सर्व जातींची मोजणी १९३१ नंतर झालेली नाही. २०११ ला सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणी झाली, तिच्यातील जातींच्या आकड्यांचे काय झाले? २०२१ साली केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. १९३१ ला देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या, २०११ च्या पाहणीत ४६ लाखांहून अधिक 'जाती' निघाल्या! एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७. राज्याच्या अधिकृत याद्यांत आहेत ४९४. आडनावे, गोत्रे, पोटजाती, एकाच शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगे, सगळे जातीच्या रकान्यात कोंबले गेले. मग ही माहिती वापरण्याजोगी नाही म्हणून कुलूप लागले. कोट्यवधी वंचितांची मोजणी वाया जायला जी कारणे दाखवली गेली, त्यात जात विचारल्यावर आडनाव सांगण्याची आणि लिहून घेण्याची आपली सवयही होती.

म्हणून प्रगणक दारात येईल तेव्हा सावध राहा. त्याने आडनाव ऐकून स्वतःच्या मनाने जात ठरवू नये. पवार म्हटले की मराठा, साठे म्हटले की ब्राह्मण, असे त्याच्या डोक्यात असू शकते. धर्माच्या रकान्यात स्पष्ट 'बौद्ध' सांगा. 'हिंदू' लिहिले तर दुरुस्त करायला लावा. जातीच्या रकान्यात जातीच्या दाखल्यावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने सांगा. आडनाव नाही, पोटजात नाही. १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती कायद्याने आहेत. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, ही भीती पसरवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कुणी म्हणेल, आम्ही १९५६ ला जात टाकली, आता पुन्हा कशाला लिहायची? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आपण जात टाकली म्हणून समाजाने आपल्यावरची जात टाकलेली नाही. खोली भाड्याने मागायला गेल्यावर नाव सांगितले की पुढचा प्रश्न येतोच, "पूर्ण नाव काय?" अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा असतो. राखीव मतदारसंघ लोकसंख्येवरून ठरतात. मोजणीत आपण कमी भरलो तर तोटा पुढच्या दहा वर्षांच्या शिष्यवृत्त्यांचा आणि वसतिगृहांचा आहे. तो मोठ्या भाषणाने भरून निघणार नाही.

तेव्हा एप्रिलमधल्या त्या मेसेजला उत्तर द्यायचे असेल तर एवढेच लिहा. आंबेडकर हे आडनाव आंबडव्याच्या मातीतले आहे. एका शिक्षकाने त्याचा उच्चार सोपा केला, त्यांना नमस्कार. त्या नावाला अर्थ दिला तो महाडच्या तळ्यावर, नाशिकच्या देवळासमोर आणि संविधान सभेत उभ्या राहिलेल्या माणसाने, आणि त्याच्यामागे चालत गेलेल्या लाखो सकपाळ, कांबळे, जाधव, मेश्रामांनी. आडनावाचे मालक तेच.

जय भीम!