पत्र्याखालचा लॅपटॉप

लॅपटॉपखाली ठेवायचा कूलिंग पॅड हजार-बाराशे रुपयांना मिळतो. त्यातले निम्मे पैसे निळ्या दिव्यांचे असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. शहापुरात माझं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. होळी झाली की किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावड्याकडची मुलं लॅपटॉप घेऊन येतात. तक्रार एकच: दुपारी तापतो आणि आपोआप बंद पडतो. काहींनी बॅगेत तो दिव्यांचा पॅडही आणलेला असतो, शिक्षणाच्या खर्चातून पैसे वाचवून घेतलेला.

असा बंद पडणारा लॅपटॉप बहुधा बिघडलेला नसतो, स्वतःचा जीव वाचवत असतो. प्रोसेसर फार तापला की आधी वेग उतरवतो, तेवढ्यानं भागलं नाही तर सगळंच बंद करतो. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपबरोबर लिहूनच देते की खोलीचं तापमान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान हवं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात दुपारी विचारूच नका. ज्या खोलीसाठी हे यंत्र बनवलं, ती खोली शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात मिळतच नाही. गरजू मुलांना लॅपटॉप वाटणाऱ्या संस्था मुलाचे टक्के विचारतात, उत्पन्नाचा दाखला मागतात, वाटपाचा फोटो काढतात. घराला कौलं आहेत की पत्रा, हे कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

पंखा कितीही भारी असो, खोलीतल्या हवेपेक्षा गार हवा तो देऊ शकत नाही. तरी त्याचा उपयोग होतो, कारण आतला प्रोसेसर ऐंशी-नव्वद अंशांवर असतो. त्याच्यापुढे चाळीस अंशांची हवाही गारच. फक्त ती फिरती हवी. गोधडीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बुजते आणि तीच तापलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. एक बहाद्दर लॅपटॉपखाली ओला नॅपकिन ठेवायचा. भातसा-तानसा धरणं उशाला असून मे महिन्यात ज्या तालुक्यातली गावं टँकरची वाट बघतात, तिथं हे पाणी मदरबोर्डवर उधळणं मला दुहेरी पाप वाटलं.

पॅडच्याही आधी करायचं काम म्हणजे सफाई. भाताच्या झोडणीची धूळ, वीटभट्टीची राख, चुलीचा धूर हे सगळं लॅपटॉपच्या पंख्यातून आत जातं. धुराचा तेलकटपणा धुळीला धरून ठेवतो आणि पंखा व तांब्याच्या नळीवरची बारीक जाळी यांच्यामध्ये थर बसतो. तो काढला, जुनी सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, की अनेक लॅपटॉपना पॅड लागतच नाही. वॉरंटी असेल तर मात्र घरी उघडू नका. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तिथं पंखा कामाचा नाही, लॅपटॉप वापरणं थांबवून बॅटरी बदला.

आता घरचा पॅड. नुसती लॅपटॉपची मागची बाजू दोन बाटल्यांच्या झाकणांवर उचलली तरी फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य. त्यापुढे जायचं असेल तर जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा चौकोनी पंखा घ्या. नवा दीडशे-दोनशेत येतो, भंगारात पडेल त्या भावात. पॉवर सप्लायच्या डब्यातला पंखा काढायचा असेल तर तो दुकानदाराकडून काढून घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात. पंख्याला वीज देण्यासाठी बंद पडलेल्या वायफाय राउटरचा अ‍ॅडॅप्टर चालतो, पण त्यावर १२ व्होल्ट डीसी लिहिलंय ना, ते वाचून घ्या. लाल वायर धन, काळी ऋण. या दोन्हींबरोबर तिसरी पिवळी असली तर ती वेग मोजण्याची, तिला टेप गुंडाळून मोकळी सोडा. लॅपटॉपच्या यूएसबीवरही काही पंखे फिरतात, पण तिथं मिळतात पाचच व्होल्ट, त्यामुळे ते रेंगाळतात.

चौकट मी बांबूच्या कामट्यांची करतो. प्लायवूडही चालेल, पण पाटासारखी सलग फळी नको, हवेला वाट हवी. पंख्याखाली किमान एक इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर तो हवा ओढणार कुठून? पंख्याची स्टिकरची बाजू लॅपटॉपकडे, कारण हवा बहुधा त्याच बाजूनं बाहेर पडते. खात्रीसाठी कागदाचा कपटा धरून बघा. आणि लॅपटॉप उलटा करून जाळी नेमकी कुठं आहे ते पाहा, पंखा तिच्याखालीच आला पाहिजे. खाली जाळीच नसेल तर पंख्याचा खटाटोप करू नका.

एवढं सगळं आठवीतल्या मुलाला जमतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हेच धरून, की खेड्यातलं पोर हातानं काम करता करता विज्ञान शिकतं. त्याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. आमच्या दोन तालुक्यांत धरणं आहेत, मुरबाडला एमआयडीसी आहे, आयटीआय आहेत. मुलं मात्र पंख्याची हवा कुठल्या बाजूनं येते हे दुकानात येऊन विचारतात. दोष मुलांचा नाही, त्यांच्या हातात कुणी स्क्रू ड्रायव्हर दिलेलाच नाही.

लॅपटॉप वाटणाऱ्या संस्थांनी वाटपाच्या दिवशी सत्काराचा एक तास कमी करावा आणि तो सफाई शिकवण्याला द्यावा. शाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी आणि आयटीआयच्या निदेशकांनी होळीच्या आत मुलांकडून असा एकेक पॅड करून घ्यावा. जुने पंखे आणि अ‍ॅडॅप्टर माझ्यासारख्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे खोकी भरून पडलेले असतात. मागायला या, माझ्याकडचे फुकट न्या.