‘भारताचे आर्मस्ट्राँग’ ही पदवी अपुरी आहे

मुंबईच्या जॅझविषयी लिहिताना चिक चॉकलेट यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. पदवी गौरवाची वाटते. प्रत्यक्षात ती त्यांना नकलाकारांच्या रांगेत बसवते. हा अन्याय आहे.

चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देशातील हळदोणे. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. त्या तालमीत घडलेला वादक समोरच्या कागदावरून थेट वाजवू शके. जॅझमधले नेमके महत्त्वाचे तेच मात्र कागदावर उतरत नाही.

आर्मस्ट्राँग यांचे ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकावे. २८ जून १९२८ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित झालेली ही तबकडी एकट्या ट्रम्पेटने उघडते. साथ नाही, ठेका नाही, जेमतेम काही सेकंदांचा खेळ. त्यातले स्वर लिहून काढता येतात. स्वर क्षणभर रेंगाळतो आणि मग झेपावतो, ती चाल लिहिता येत नाही. ती कानानेच घ्यावी लागते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्डही आले. आर्मस्ट्राँग स्वतः मात्र त्या काळात आले नाहीत. चिक यांचा हा गुरू तबकडीतच होता. घोगरा आवाज, हातातला रुमाल, हेही त्यांनी उचलले, हे खरेच.

पण अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही कथा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. तेथे नक्कल हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. गोव्याच्या ट्रम्पेटवादकाला निराळा न्याय का?

पुढे चिक हे सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. रामचंद्र पुणतांब्याचे, चिक हळदोण्याचे, आणि वाद्यमेळातली ऐट दूरच्या शिकागोची! केवळ नकलेतून असे संगीत उभे राहत नाही.

श्रेयनामावलीत मात्र ठळक नाव संगीतकाराचेच असे. वाद्यमेळ बांधणारे आणि वाजवणारे बहुतेक गोवेकर अनामिकच राहिले. १९६७ मध्ये चिक गेले. त्यांचे नाव तेवढे टिकले, आणि तेही आर्मस्ट्राँग यांच्या नावाला जोडूनच.