नर्सिंगला गेलेल्या मुलींची झोप आणि आपली जबाबदारी

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो. लवकर नोकरी लागेल, घराला हातभार लागेल, एवढाच आपला हिशेब. पण जीएनएमची तीन किंवा बी.एस्सी.ची चार वर्षे ती कशी काढते, हे आपण विचारत नाही.

पहाटे उठून वॉर्ड गाठायचा, तासन्‌तास उभे राहायचे, दुपारी वर्ग, रात्री केस स्टडी. घाईत नाश्ता राहतो, भूक चहा-बिस्किटावर भागते. नाईट ड्युटी लागली की झोपेचे चक्र मोडते, उरलेली झोप मोबाईल खातो. झोप कमी झाली की चिडचिड आणि उदासी वाढते. उदासी वाढली की झोप आणखी उडते. त्यात अठरा-एकोणिसाव्या वर्षी डोळ्यांसमोर रुग्ण दगावतो आणि त्यावर बोलायला कुणी नसते.

‘सवयी सुधारा’ हा सल्ला सोपा आहे. पण ड्युटीचा तक्ता ती लावत नाही. शिष्यवृत्ती उशिरा आली की फीचा तगादा सुरू होतो आणि पहिली काटछाट जेवणात होते. म्हणून हा प्रश्न शिस्तीइतकाच व्यवस्थेचाही आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. नर्सिंगची महाविद्यालये याला अपवाद नाहीत.

तेव्हा प्रवेश घेतानाच पालकांनी विचारावे: समुपदेशक कोण? नाईट ड्युटीनंतर सुट्टी मिळते का? मेसमध्ये उशिरा येणाऱ्यांसाठी जेवण राखतात का? वस्तीतल्या नोकरी करणाऱ्या सिस्टरांनी या मुलींना महिन्यातून एक फोन करावा. त्या ज्यातून गेल्या आहेत, ते त्यांच्याइतके कुणाला कळणार? मन जड झाले तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते.

आज रात्री मुलीला फोन कराल, तेव्हा मार्क नंतर विचारा. आधी विचारा, ‘काल किती तास झोपलीस? जेवलीस का?’